प्रस्तावना : सही कोणाची?

परदेशातून पहिली ऑर्डर आली की उद्योजक दोन प्रश्न विचारतो. सर्टिफिकेट किती दिवसांत मिळेल आणि खर्च किती येईल? दोन्ही प्रश्न रास्त आहेत. बायरचा ई-मेल हातात असतो, बँकेशी बोलणी चालू असतात, कंटेनरची तारीख ठरत आलेली असते. ड्रॉइंग कधीच पक्के झालेले असते, साचे तयार असतात, कच्चा माल येऊन पडलेला असतो. ई-मेलच्या तळाशी मात्र एक ओळ असते: माल यूएलचा हवा, किंवा सीई हवा. सगळे झाले, आता शिक्का तेवढा राहिला, अशा नजरेने ती ओळ वाचली जाते.

या नजरेशी वाद घालण्यासाठी हे पुस्तक लिहिले आहे. भोसरी, चाकण, सातपूर, वाळूज, शिरोली अशा औद्योगिक वसाहतींतून पंप, मोटारी, कंट्रोल पॅनेल, हीटर, दिवे आणि नाना तऱ्हेची यंत्रे देशाबाहेर जातात. ती बनवणाऱ्यांना वीज कळत नाही असे कोणी म्हणणार नाही. वाइंडिंगवर हात ठेवून मोटर किती तापली आहे हे सांगणारे कारागीर या गाळ्यांमध्ये आजही आहेत. राहून जाते ते वेगळेच. माल ज्या देशात जायचा, तिथे त्या मालाने कोणाला शॉक बसला किंवा आग लागली, तर जबाब कोणी द्यायचा, हा प्रश्न कोणी विचारतच नाही. परदेशी बाजारातल्या प्रत्येक चिन्हामागे एक सही असते. ती कोणाची आहे आणि कशाच्या आधारावर केलेली आहे, हे देशोदेशी बदलते. चाचण्या, कागदपत्रे, खर्च आणि वेळ यांची उत्तरे त्या सहीच्या उत्तरातूनच निघतात. या पुस्तकाचा सारा भर तेवढ्या एका गोष्टीवर आहे.

या सह्यांची सुरुवात सरकारांनी केली नाही. १८९३ साली शिकागोत मोठे जागतिक प्रदर्शन भरले आणि वेस्टिंगहाउस कंपनीने ते प्रत्यावर्ती विजेवर उजळून टाकले. इमारती बहुतेक तात्पुरत्या होत्या, प्लॅस्टर आणि तागाचा मुलामा दिलेल्या. त्यांत नव्या विजेच्या तारांचे जाळे पसरलेले. आग लागली तर भरपाई द्यावी लागणार होती विमा कंपन्यांना, आणि तारा कशा टाकाव्यात हे त्यांच्यातल्या कोणालाच नीट माहीत नव्हते. बॉस्टनचा तरुण विद्युत अभियंता विल्यम हेन्री मेरिल तपासणीसाठी तिथे आला. पुढच्याच वर्षी, १८९४ मध्ये, विमा कंपन्यांच्या पैशावर त्याने शिकागोत एक छोटी प्रयोगशाळा उभी केली. तिचीच पुढे अंडररायटर्स लॅबोरेटरीज, म्हणजे यूएल, झाली. जर्मनीतली गोष्ट याहून जुनी आहे. १८६५ साली मानहाइम शहरातल्या एका बिअरच्या कारखान्यात बॉयलर फुटला. तेव्हा बॉयलर असलेल्या कारखानदारांनी १८६६ मध्ये स्वतःच संघ काढला आणि एकमेकांचे बॉयलर तपासून घेण्यासाठी निरीक्षक नेमले. आज टीयूव्ही या नावाने ओळखल्या जाणाऱ्या संस्थांचे मूळ अशा संघांत आहे. अमेरिकेत भरपाई देणारा पुढे आला, जर्मनीत यंत्राचा मालक पुढे आला. ज्याच्या खिशाला झळ बसणार होती त्याने तपासणी सुरू केली, आणि दोन्हीकडच्या आजच्या व्यवस्थांवर त्या आरंभाची खूण अजून दिसते.

अमेरिकेपासून सुरुवात करू. तिथे सही तिसऱ्याची असते. यूएल हे सरकारी खाते नाही. घरगुती उपकरणांवर यूएलचे चिन्ह असलेच पाहिजे असा सरसकट केंद्रीय कायदाही नाही. तरीही चिन्हाशिवाय माल हलत नाही, कारण दुकानदार, विमा कंपनी आणि स्थानिक निरीक्षक हे तिघेही ते मागतात. नॅशनल इलेक्ट्रिकल कोड पहिल्यांदा १८९७ साली निघाला. आता नॅशनल फायर प्रोटेक्शन असोसिएशन तो दर तीन वर्षांनी सुधारून काढते, आणि राज्ये व शहरे तो आपापला कायदा म्हणून स्वीकारतात. बसवलेली जोडणी मान्य करायची की नाही, हा अधिकार त्या गावच्या निरीक्षकाचा. कामाच्या ठिकाणांसाठी ओशा हे केंद्रीय खाते मान्यताप्राप्त प्रयोगशाळांची यादी ठेवते. तीत यूएल आहे, तशी इंटरटेक, सीएसए आणि टीयूव्ही परिवारातल्या संस्थाही आहेत. उत्पादनाला जे मानक लागू आहे त्यासाठी मान्यता असलेली यादीतली कोणतीही प्रयोगशाळा चालते. म्हणून बायर ‘यूएल’ म्हणतो तेव्हा त्याला त्याच संस्थेचे चिन्ह हवे आहे की यादीतले कोणतेही चालेल, हे लेखी विचारून घ्यावे. या एका पत्राने पुष्कळ पैसा आणि पुष्कळ आठवडे वाचू शकतात.

पुस्तकातले सर्वांत मोठे प्रकरण कंट्रोल पॅनेलवर आहे, आणि ते मुद्दाम तसे ठेवले आहे. महाराष्ट्रातून अमेरिकेला जाणाऱ्या यंत्रांची अडचण बहुधा पॅनेलमध्येच होते. यंत्र उत्तम असते, पॅनेलची वायरिंग नीटनेटकी असते, दारावर युरोपचे सीई चिन्ह ठळक असते. ओहायोतल्या एखाद्या कारखान्यात निरीक्षक येतो आणि सर्वांत आधी नेमप्लेटवर एक आकडा शोधतो: शॉर्ट सर्किट झाले तर हे पॅनेल किती अँपिअरपर्यंतचा प्रवाह सहन करील? तो आकडा नेमप्लेटवर लिहिणे तिथल्या कोडप्रमाणे बंधनकारक आहे. तो काढायची रीत यूएल ५०८ए या मानकात दिली आहे. पॅनेलमधल्या मुख्य वीजमार्गावरच्या प्रत्येक भागाचा आकडा पाहायचा आणि सर्वांत लहान आकडा साऱ्या पॅनेलचा धरायचा. एखाद्या भागाचा आकडा माहीत नसेल तर मानकाने ठरवून दिलेला मोघम आकडा घ्यायचा. पन्नास अश्वशक्तीपर्यंतच्या मोटर कंट्रोलरसाठी तो फक्त ५,००० अँपिअर आहे. कारखान्याच्या मुख्य पुरवठ्यावर याच्या कितीतरी पट प्रवाह उसळू शकतो. तेव्हा एका स्वस्त कॉन्टॅक्टरपायी सगळे पॅनेल नाकारले जाते. योग्य फ्यूज आणि ज्यांची एकत्र चाचणी झाली आहे अशा भागांची जोडी ड्रॉइंगच्या वेळीच निवडली असती, तर खर्चात किरकोळ फरक पडला असता.

मग तारांचे रंग. आपल्याकडे तीन फेज लाल, पिवळ्या आणि निळ्या, न्यूट्रल काळा, ही पद्धत हातात इतकी मुरली आहे की कोणी विचारही करत नाही. अमेरिकी पॅनेलमध्ये काळी तार म्हणजे जिवंत तार. न्यूट्रल तिथे पांढरा किंवा करडा असतो. हिरवा रंग अर्थिंगसाठी राखलेला असतो. आपल्या वायरमनने सवयीने ओढलेली काळी न्यूट्रल तार तिथल्या इलेक्ट्रिशियनला वेगळीच गोष्ट सांगते, आणि ती गैरसमजूत जिवावर बेतू शकते. निरीक्षकाने जोडणी नामंजूर केली की कंटेनरमधून उतरवलेले यंत्र जागेवर पडून राहते. मान्यताप्राप्त संस्थेचा अभियंता बोलावून तिथेच मूल्यमापन करून घ्यावे लागते, आणि बदल करायचे ते अमेरिकी इलेक्ट्रिशियनच्या ताशी दराने. पॅनेल बनवणाऱ्या वर्कशॉपला यूएल ५०८ए ची मान्यता घेऊन स्वतःच्या पॅनेलवर लेबल लावता येते, ही सोय अनेकांना ठाऊकच नसते. ती कशी घ्यावी हे त्या प्रकरणात सविस्तर दिले आहे.

याच प्रकरणात ‘लिस्टेड’ आणि ‘रेकग्नाइज्ड’ या दोन दर्जांतला फरकही मांडला आहे. लिस्टेड म्हणजे पूर्ण उत्पादन, जसेच्या तसे वापरता येणारे. रेकग्नाइज्ड म्हणजे दुसऱ्या उत्पादनात बसवायचा भाग, आणि तोही काही अटींवर. रेकग्नाइज्ड पॉवर सप्लाय बसवला म्हणून सगळे यंत्र यूएलचे होत नाही. अटींचा कागद वाचला नाही तर भाग चांगला असूनही उत्पादन नापास होते.

युरोपात याच्या उलट आहे. तिथे सही तुमची असते. लो व्होल्टेज डायरेक्टिव्ह १९७३ साली आले. सध्याचे २०१४ चे आहे आणि ते ५० ते १,००० व्होल्ट प्रत्यावर्ती व ७५ ते १,५०० व्होल्ट एकदिश विजेवर चालणाऱ्या मालाला लागू आहे. या डायरेक्टिव्हखाली बाहेरच्या कोणत्याही संस्थेचे प्रमाणपत्र आवश्यक नाही. उत्पादकाने जोखीम तपासायची, योग्य मानकाप्रमाणे चाचण्या करायच्या किंवा करून घ्यायच्या, तांत्रिक फाइल तयार करायची, अनुरूपतेच्या घोषणापत्रावर नाव आणि हुद्दा लिहून सही करायची आणि मग स्वतःच सीई चिन्ह लावायचे. ते निदान ५ मिलिमीटर उंच हवे, एवढेही नियमात आहे. शेवटचा नग बाजारात गेल्यापासून १० वर्षे ती फाइल जपून ठेवायची.

बाहेरचा परीक्षक नाही म्हणजे काम सोपे, असा अर्थ पुष्कळजण काढतात. बाजारात स्वस्तात ‘सीई सर्टिफिकेट’ छापून देणारे त्याच समजुतीवर जगतात. साध्या मिक्सरला किंवा दिव्याला सीई सर्टिफिकेट देणारे कोणतेही सरकारी कार्यालय युरोपात नाही. घोषणापत्रावर सही तुमची, आणि उद्या हॅम्बुर्गच्या बंदरात किंवा पोलंडच्या दुकानात अधिकाऱ्याने माल उचलला तर फाइलही तुमचीच मागितली जाणार. एजंटने दिलेले सोनेरी किनारीचे सर्टिफिकेट त्या वेळी उपयोगी पडत नाही. धोकादायक ठरलेल्या मालाची माहिती, छायाचित्रासह, युरोपीय संघ सेफ्टी गेट या व्यवस्थेतून सर्व सदस्य देशांत पसरवतो. तिथे नाव आले की एक देश नव्हे, सगळी बाजारपेठ हातची जाते. १६ जुलै २०२१ पासून आणखी एक अट आली. सीई लागणाऱ्या बऱ्याचशा मालासाठी युरोपीय संघातच पत्ता असलेला कोणीतरी जबाबदार हवा: आयातदार, अधिकृत प्रतिनिधी किंवा माल साठवून पाठवणारी संस्था. अधिकारी सर्वांत आधी त्याच्याच दारी जाणार. त्याने मागितलेला प्रत्येक कागद म्हणूनच वेळेवर द्यावा.

विजेच्या धोक्याबरोबर आणखी दोन गोष्टी युरोपाच्या फाइलमध्ये येतात. पहिली विद्युतचुंबकीय सुसंगतता. तुमच्या यंत्राने शेजारच्या यंत्राला त्रास देऊ नये आणि शेजारच्याच्या त्रासाने तुमचे बंद पडू नये. दुसरी घातक पदार्थांवरची बंदी, म्हणजे आरओएचएस. शिसे, पारा, कॅडमियम यांसह दहा पदार्थांवर मर्यादा आहे. कॅडमियमसाठी ०.०१ टक्का, बाकीच्यांसाठी ०.१ टक्का. डाग देताना नेहमीचे शिसेमिश्रित सोल्डर वापरले तर पीसीबीची रचना कितीही निर्दोष असली तरी माल अडतो. विषय सोल्डरिंगच्या टेबलापर्यंत असा पोचतो, आणि म्हणून हे पुस्तक फक्त निर्यात विभागाने वाचून भागणार नाही.

जपानमध्ये सहीचा भार तिथल्या आयातदारावर पडतो. तिथल्या विद्युत मालावर लागणाऱ्या पीएसई चिन्हाचे दोन प्रकार आहेत. जास्त जोखमीच्या ११६ प्रकारच्या वस्तूंवर चौकटीसारखे तिरपे चिन्ह आणि नोंदणीकृत संस्थेची तपासणी सक्तीची, उरलेल्या ३४१ प्रकारांवर गोल चिन्ह. दोन्हींत सरकारला कळवण्याची जबाबदारी जपानमधल्या उत्पादकाची किंवा आयातदाराची, आणि चिन्हाजवळ नावही त्याचेच. जपानी खरेदीदार इतके बारीक प्रश्न का विचारतो, एकेका वायरचा कागद का मागतो, याचे उत्तर इथे आहे. तो चिकित्सक स्वभावाचा म्हणून नव्हे, उद्या अधिकाऱ्यासमोर त्याला उभे राहायचे असते म्हणून. आखाती देशांत रचना मिश्र आहे. कमी जोखमीच्या वस्तूंसाठी उत्पादकाची घोषणा चालते. पंखे, मिक्सर, इस्त्री, पाणी तापवण्याची यंत्रे अशा ठरावीक वस्तूंसाठी मान्यताप्राप्त संस्थेचे प्रमाणपत्र लागते. सौदी अरेबियात त्यापुढे सेबर नावाच्या ऑनलाइन व्यवस्थेत आधी उत्पादनाची आणि मग प्रत्येक खेपेची नोंद करावी लागते.

सह्या वेगळ्या असल्या तरी त्यांच्याखालची तांत्रिक भाषा बरीचशी एक आहे, आणि ही निर्यातदाराची मोठी सोय आहे. १९०६ साली लंडनमध्ये आंतरराष्ट्रीय विद्युततांत्रिक आयोग, म्हणजे आयईसी, स्थापन झाला. लॉर्ड केल्व्हिन पहिले अध्यक्ष होते. आयोगाचे कार्यालय १९४८ पासून जिनिव्हात आहे. घरगुती उपकरणांसाठी आयईसी ६०३३५, माहिती तंत्रज्ञान व दृक्‌श्राव्य उपकरणांसाठी ६२३६८, वैद्यकीय उपकरणांसाठी ६०६०१, यंत्रांच्या विद्युत भागासाठी ६०२०४ ही मानके बहुतेक देशांनी थोड्याफार फेरबदलांसह स्वीकारली आहेत. त्यावर सीबी योजना उभी आहे. एका सदस्य संस्थेने केलेला चाचणी अहवाल पन्नासहून अधिक देशांतल्या सदस्य संस्था आधार म्हणून घेतात आणि फक्त त्या देशाचे वेगळे मुद्दे तपासतात. भारतात केंद्र सरकारची एसटीक्यूसी ही या योजनेतली संस्था आहे. जवळपासच्या प्रयोगशाळा पाहायच्या तर मुंबईत ईआरटीएल आणि पवईत समीर, बडोद्याला एर्डा. एक सावधगिरी मात्र हवी. एनएबीएलची मान्यता असलेल्या प्रयोगशाळेचा अहवाल युरोपच्या फाइलमध्ये अभिमानाने लावता येतो. अमेरिकेच्या चिन्हासाठी तो स्वतःहून पुरत नाही, कारण तिथे सहीच दुसऱ्याची आहे.

आता चाचण्यांकडे येऊ. त्यांची यादी पाहिली की नवख्याला धडकी भरते, पण जवळजवळ साऱ्या चाचण्या एकाच तत्त्वातून निघतात: एक बिघाड झाला तरी माणूस वाचला पाहिजे. तारेवरचे प्लॅस्टिक हा पहिला बचाव. तो फाटला तर दुसरा बचाव हवाच. लोखंडी बॉडीच्या उपकरणात अर्थिंग हा दुसरा बचाव असतो. अर्थ पिन नसलेल्या उपकरणात इन्सुलेशनचा आणखी एक थर असतो. हे तत्त्व डोक्यात पक्के बसले की मानकातले प्रत्येक कलम कोणत्या बचावाची परीक्षा घेते आहे ते आपोआप दिसू लागते.

१२ मिलिमीटर जाडीचे, ८० मिलिमीटर लांबीचे, सांध्यात वाकणारे धातूचे बोट उपकरणाच्या प्रत्येक फटीत घालून पाहतात. ते जिवंत भागाला लागले की नापास. घरगुती उपकरणाच्या अर्थिंगमधून निदान २५ अँपिअर प्रवाह सोडून रोध मोजतात. तो ०.१ ओहमपेक्षा जास्त नसावा. रंगाच्या थरावर घट्ट केलेला अर्थ स्क्रू इथेच पकडला जातो. रंग खरवडणे किंवा दातेरी वॉशर घालणे हे काही पैशांचे काम, पण ते असेंब्लीच्या सूचनापत्रावर लिहिलेले नसते. हातात धरून वापरायच्या अर्थिंगवाल्या उपकरणातून होणारी गळती ०.७५ मिलिअँपिअरच्या आत हवी. दमट पेटीत ९३ टक्के आर्द्रतेत ४८ तास ठेवून मग इन्सुलेशनवर उच्च व्होल्टेज लावतात. कोकणातल्या पावसाळ्यात चाललेले उपकरण ही चाचणी सहज पार करील असे वाटते, पण ओल धरणारा स्वस्त स्लीव्ह इथे दगा देतो.

तापमानाची चाचणी सर्वांत जास्त वेळ घेते आणि सर्वांत जास्त शिकवते. थर्मोकपल वाइंडिंगवर, टर्मिनलवर, स्विचवर, प्लॅस्टिकच्या बॉडीवर, अगदी उपकरण ठेवलेल्या लाकडी कोपऱ्यावरही चिकटवतात आणि तापमान स्थिर होईपर्यंत चालवत राहतात. मग मुद्दाम बिघाड घडवतात. पंखा अडवतात, हवेची वाट बंद करतात, थर्मोस्टॅट निकामी करतात. उपकरण बंद पडले तरी चालेल, पण पेटू नये. प्लॅस्टिकची परीक्षा तापलेल्या तारेने होते. ५५० ते ८५० अंशांपर्यंत तापवलेली तार ३० सेकंद दाबून धरतात. उपकरण माणसाच्या देखरेखीत चालते की नाही यावर तापमान ठरते. साचा एकदा पाडला की प्लॅस्टिक बदलणे म्हणजे आकसण्याचे प्रमाण बदलणे, म्हणजे साच्यावर पुन्हा काम. हा खर्च टाळायचा तर प्लॅस्टिकचा दर्जा साच्याआधी ठरला पाहिजे.

विजेचा स्वभावही देशागणिक बदलतो. अमेरिकेत घरात १२० व्होल्ट आणि ६० हर्ट्झ. जपानमध्ये १०० व्होल्ट, पूर्वेकडे ५० हर्ट्झ आणि पश्चिमेकडे ६०, कारण एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी टोकियोने जर्मन आणि ओसाकाने अमेरिकी जनित्रे घेतली. अमिरातीत ५० हर्ट्झ आणि शेजारच्या सौदीत ६०. पंप बनवणाऱ्या कोल्हापूर आणि पुण्याच्या लोकांसाठी हा फरक चैनीचा नाही. ५० हर्ट्झसाठी बनवलेला पंप ६० वर चालवला की वेग वीस टक्क्यांनी वाढतो, पण लागणारी शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते, म्हणजे सुमारे पावणेदोन पट. तोच इम्पेलर ठेवला तर मोटर जळते. हीटरवाल्याचे दुखणे वेगळे. दीड किलोवॅटचा हीटर २३० व्होल्टवर साडेसहा अँपिअर घेतो, १२० वर साडेबारा. टर्मिनलमध्ये होणारी उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, म्हणून तोच लग आणि तोच स्विच साडेतीन पटींहून अधिक तापतो. नेमप्लेटवरचा आकडा बदलून ही अडचण सुटत नाही.

प्रमाणपत्र मिळाल्यानंतर खरी कसोटी कारखान्यात लागते. प्रयोगशाळेने एक नमुना तपासला, बाजारात हजारो नग जाणार. म्हणून अहवालाला महत्त्वाच्या भागांची यादी जोडलेली असते. वायर, स्विच, ट्रान्सफॉर्मर, प्लॅस्टिक, कपॅसिटर, प्रत्येकाचा उत्पादक, मॉडेल आणि रेटिंग. अमेरिकी व्यवस्थेत निरीक्षक न कळवता कारखान्यात येतो, साधारण वर्षातून चार वेळा, आणि चालू उत्पादन या यादीशी ताडून पाहतो. लहान कारखान्यात नेमकी इथे चूक होते. ठरलेल्या कंपनीची वायर संपली, दुकानदाराने ‘त्याच्याच तोडीची’ दिली, खरेदीवाल्याने दोन रुपये वाचवले आणि कोणालाही सांगितले नाही. वायर खरोखर चांगली असेलही, पण जिच्यावर सही झाली ती ही नव्हे. खरेदी, डिझाइन आणि गुणवत्ता यांच्यात बदलाची एक साधी वही असावी आणि यादीतला भाग बदलण्याआधी तिच्यावर मंजुरीची सही व्हावी. पुस्तकात तिचा नमुना दिला आहे. लाइनवर प्रत्येक नगाची अर्थ सलगता आणि उच्च व्होल्टेज तपासणीही याच शिस्तीत येते. त्यासाठी लागणारी दोन यंत्रे मध्यम आकाराच्या कारखान्याला परवडतात, आणि नमुना प्रयोगशाळेत पाठवण्याआधी ती वापरली तर पहिल्याच फेरीत नापास होण्याची नामुष्की बरीच टळते.

पुस्तकाची रचना याच क्रमाने केली आहे. पहिल्या भागात सहीच्या तीन पद्धती आणि त्या कोणत्या देशात चालतात ते. दुसऱ्या भागात ड्रॉइंगवर असताना घ्यायचे निर्णय: अंतरे, इन्सुलेशन, प्लॅस्टिक, भागांची निवड. तिसऱ्यात चाचण्या, चौथ्यात कारखान्यातली शिस्त आणि कागदपत्रे. मानकांची कलमे पुस्तकात उतरवलेली नाहीत. ती विकत घेऊन मुळातूनच वाचली पाहिजेत, आणि तीही चालू आवृत्ती. मानके बदलतात आणि कधी एकदम बदलतात. माहिती तंत्रज्ञानाच्या उपकरणांचे जुने ६०९५० हे मानक वर्षानुवर्षे सर्वांना तोंडपाठ होते, आणि २०२० च्या डिसेंबरात युरोप व अमेरिकेत त्याची जागा ६२३६८ ने घेतली. यंत्रांसाठीचा नवा युरोपीय नियम २० जानेवारी २०२७ पासून लागू होणार आहे. तेव्हा ऑर्डर घेताना कोणती आवृत्ती, कोणत्या तारखेपर्यंत, हे लिहून घेण्याची सवय लावावी.

एक मत इथे स्पष्ट मांडले पाहिजे. निर्यातीचा माल वेगळा आणि गावच्या बाजारातला वेगळा, अशी वाटणी काही कारखान्यांत चालते. बाहेर जाणाऱ्या मालाला जाड वायर, इथल्याला पातळ. हिशेबाने पाहिले तरी हे तोट्याचे आहे. भागांच्या दोन याद्या, दोन साठे, लाइनवर अदलाबदलीचा धोका, आणि एक दिवस स्वस्त वायर परदेशी पेटीत जाणारच. शिवाय आपली आयएस ३०२ मालिका आयईसी ६०३३५ च्याच वळणाची आहे. तेव्हा इथल्या घरातल्या माणसाला दुसरा बचाव नाकारायला तांत्रिक कारण उरत नाही. एकच डिझाइन, एकच यादी, दोन नेमप्लेट, ही या पुस्तकाची शिफारस आहे.

हे लिहिताना प्रयोगशाळांतल्या तंत्रज्ञांनी, पॅनेलच्या वायरमननी आणि नापास झालेले अहवाल मोकळेपणाने दाखवणाऱ्या उद्योजकांनी मदत केली. नावे न छापण्याच्या अटीवर त्यांनी बोलणे कबूल केले होते, म्हणून आभार नावांशिवाय. पास झालेल्या अहवालातून फारसे शिकता येत नाही. या पुस्तकात जे उपयोगी आहे, ते बहुतेक नापास अहवालांतून आले आहे.

वाचकाला एवढेच सुचवतो की पहिले प्रकरण उघडण्याआधी एक कागद घ्यावा आणि तीन ओळी लिहाव्यात. पहिल्या ओळीत उत्पादन, त्याचे व्होल्ट आणि हर्ट्झ. दुसऱ्या ओळीत देश, आणि तिथे ते कोण व कुठे वापरणार. तिसऱ्या ओळीत, त्या देशात या मालाबद्दल सही कोण करणार त्या संस्थेचे किंवा माणसाचे नाव. ही तिसरी ओळ लिहिता येईपर्यंत बायरला किंमत कळवू नये.